टेक्सासच्या माळावरचं काटेरी जांभळं फूल: थिसल, टीझल की एरिंगो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसच्या उत्तरेला, नव्या वसाहतीलगतच्या मोकळ्या रानात ऑगस्टअखेरीस गुडघ्यापासून मांडीपर्यंत वाढलेली झाडं दिसली. खोड, पान, फूल सगळंच जांभळं. पानाला काटे, फुलाला काटे आणि फुलाच्या टोकावर आणखी एक काटेरी शेंडी. फोनवरचं ॲप एकदा थिसल सांगतं, एकदा टीझल, दोन्ही काटेरी गेंदाची झाडं. आपल्याकडचा उत्कटारा तर नाही ना? तण असेल तर उपटावं का? आणि नसेल तर थोडं बी गावाकडे नेता येईल का?

वर्णनावरून हे लीवनवर्थ एरिंगो आहे, शास्त्रीय नाव एरिंजियम लीवनवर्थाय. तिथलंच मूळचं, एका वर्षात आयुष्य संपवणारं झाड. कॅन्ससच्या दक्षिण भागापासून ओक्लाहोमामार्गे टेक्सासच्या मध्यापर्यंत ते भरपूर दिसतं. नाव मेलाइन्स लीवनवर्थ (१७९६–१८६२) या अमेरिकी सैन्यातल्या शल्यविशारदावरून आलं. नोकरीच्या निमित्ताने फिरताना तो वनस्पती गोळा करी. टोरी आणि ग्रे या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८४० साली या जातीचं शास्त्रीय वर्णन छापलं. थिसल आणि उत्कटारा ही सूर्यफुलाच्या कुळातली, तर हे कोथिंबीर, ओवा, बडीशेप यांच्या कुळातलं. तेव्हा उत्कटाऱ्याशी याचं नातं काहीच नाही.

काटा आणि रंग या दोनच गोष्टी धरून नाव शोधायला बसलं की गोंधळ होणारच. माळावर गुरं चरतात, उन्हाळा कडक असतो, त्यामुळे एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा कुळांनी तिथे काटे धारण केले आहेत. जांभळा रंग तर त्याहून बेभरवशाचा. हेच एरिंगो जुलैत करडं-हिरवं असतं, ऑगस्टच्या मध्यानंतर जांभळं व्हायला लागतं, सप्टेंबरात ऐन रंगात येतं आणि ऑक्टोबर सरता सरता तपकिरी पडतं. म्हणून रंग शेवटी पाहावा. आधी फुलाचा गेंद कापावा.

कापायची रीत अशी. हातात चामड्याचे मोजे घालावेत, रबरी मोज्यांतून हे काटे आरपार जातात. गेंद तीन-चार इंच देठासकट कापून फळीवर आडवा ठेवावा आणि धारदार सुरीने शेंड्यापासून देठापर्यंत उभा चिरावा. थिसल असेल तर तळाशी मांसल, जवळजवळ सपाट बैठक दिसेल. सगळी बारीक फुलं त्या एका बैठकीवरून वर उभी राहिलेली आणि बाहेरून खवल्यांसारख्या छदांचं, म्हणजे गेंदाला वेढणाऱ्या छोट्या पानांचं, भांडं. काटे असतात ते या भांड्याच्या बाहेरच्या अंगाला, आत फुलांच्या दाटीत नुसते मऊ केस. एरिंगो असेल तर मधोमध एक दांडा तळापासून टोकापर्यंत गेलेला दिसेल, त्याच्या चारी बाजूंनी फुलं बसलेली आणि प्रत्येक फुलाखाली एक चिमुकलं काटेरी सहपत्र, म्हणजे फुलाच्या बुडाचं पान. म्हणजे काटे थेट आतपर्यंत. दांड्याच्या टोकावर काटेरी पानांचा तुरा, बुडाशी तशाच काटेरी पानांची झालर. एक-दीड इंचाचा हा सगळा अवतार छोट्या अननसासारखा दिसतो, आणि ओळख पटवायला ती उपमा खरोखर कामाची आहे.

मात्र एवढ्याने टीझल बाद होत नाही. टीझलच्या गेंदातही मधला दांडा असतो, फुलाफुलाखाली काटेरी सहपत्र असतं, टोकाकडची सहपत्रं लांब असल्याने तुऱ्याचा भासही होतो. ॲप फसतं ते इथेच. यासाठी दहापट भिंग लागतं, नसेल तर फोनचा मॅक्रो चालतो. एकच फूल सुटं करून पाहा. एरिंगोच्या फुलाला पाच सुट्या पाकळ्या, पाच सुटे पुंकेसर आणि दोन कुक्षीवृंत, म्हणजे फुलाच्या मधून वर येणारे स्त्रीकेसराचे दोरे. पुंकेसर निळे-जांभळे, पाकळ्यांच्या बरेच बाहेर आलेले. टीझलच्या फुलाची नळी असते, तिला चार पाळ्या, चार पुंकेसर आणि एकच कुक्षीवृंत. थिसलच्या नळीला पाच पाळ्या असतात आणि पुंकेसरांचे परागकोश एकमेकांना चिकटून त्यांचीही एक नळी बनते, तिच्यातून कुक्षीवृंत वर येतो. दोन कुक्षीवृंत दिसले की कोथिंबिरीचं कुळ. काटेरी गेंद आणि दोन कुक्षीवृंत हे दोन्ही जुळले की एरिंजियम या प्रजातीबद्दल शंका राहत नाही.

भिंग नसेल तर टीझल पानं-खोडावरूनही सुटतं. त्याचं खोड स्वतःच काटेरी असतं, एरिंगोचं गुळगुळीत. टीझलची खोडावरची पानं समोरासमोर येतात आणि बुडाशी जुळून त्यांचा द्रोण होतो, पावसानंतर त्यात पाणी साचतं. फुलण्याची तऱ्हाही वेगळी: टीझलच्या गेंदावर आधी मधोमध फुलांचा पट्टा येतो, मग तो दुभंगून वर आणि खाली सरकतो. उंची बहुधा माणसाएवढी. टीझल युरोपातून आलेलं आहे, ओळख पटली तर ते काढायला हरकत नाही.

एरिंगोचं पान पाहताना खोडावरचं पाहावं, बुडाशी असलेलं नको. हिवाळ्यात आणि वसंतात जमिनीलगत जो पानांचा झुबका येतो त्यातली पानं लांबट, टोकाकडे रुंद, कडांना बारीक काटेरी दाते असलेली असतात. फुलं येईपर्यंत ती वाळून जातात. खोडावरचं पान पंजासारखं खोलवर चिरलेलं, प्रत्येक चिरेच्या टोकाला ताठ काटा, देठ नाही, बूड खोडाला मिठी मारून बसलेलं. पान उलटवून पाहिलं तर दोन्ही बाजू गुळगुळीत, खालच्या अंगाला पांढरी लव नाही. टेक्सासमधल्या बहुतेक देशी थिसलना ती लव असते, म्हणून हा चटकन वापरता येणारा फरक आहे. पान तोडून चीक पाहावा. इथे दुधाळ चीक येत नाही.

उत्कटारा मनात येणं साहजिक आहे. दख्खनच्या कोरड्या माळावर गोल, काटेरी, निळसर-पांढरा गेंद म्हणजे तोच. पण त्याचा गेंद पूर्ण गोल असतो, टोकावर तुरा नसतो, बुडाशी रुंद पानांची झालर नसते आणि पानाची खालची बाजू लवेने पांढरी असते. काटे आणि जांभळं फूल म्हटल्यावर तालीमखानाही आठवेल, पण तो ओढ्याकाठचा, पेरापेराशी पिवळट काटे असलेला, दोन ओठांच्या फुलाचा. त्याची इथे गल्लत व्हायचं कारण नाही.

आता बाकीचे उमेदवार. एकाच माळावर यातले चार-पाच सहज भेटतात.

टेक्सास थिसल, सर्सियम टेक्सॅनम, हे देशी आहे. लांब, जवळजवळ पानं नसलेल्या देठावर एकच गुलाबी-जांभळा गेंद, छदांवर चिकट पांढरी रेघ, पान खालून पांढरं. मुख्य बहर एप्रिल ते जून, पाऊस झाला तर पुढेही. वेव्हीलीफ थिसल, सर्सियम अंड्युलॅटम, हेही देशी आणि बहुवर्षायू, पान दोन्ही अंगांनी राखाडी-पांढरं, कडा लाटांसारख्या. हा प्रश्न आयोवा, इलिनॉय किंवा मिसूरीहून आला असता तर उत्तर बहुधा फील्ड थिसल किंवा टॉल थिसल असं निघालं असतं. दोन्ही देशी, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात फुलणारी, खालून पांढऱ्या पानांची. त्या बाजूच्या प्रेअरीत, म्हणजे गवताळ माळात, एरिंजियम भेटतं तेही वेगळंच: रॅटलस्नेक मास्टर, घायपातासारखी लांब पानं आणि पांढरट-हिरवे गोळे. त्यात जांभळेपणा शोधू नये.

परदेशी थिसलची पारख खोडावर होते. मस्क थिसल आणि बुल थिसल या दोघांच्या खोडावर पानाचं बूड खाली उतरून काटेरी पंख झालेले असतात. मस्क थिसलचा गेंद मोठा, मान खाली टाकलेला, छदं रुंद आणि टोकदार. बुल थिसलच्या पानाची वरची बाजू हाताला खरखरीत काटेरी लागते, गेंद ताठ. या दोघांत शंका उरली तर बियांची म्हातारी भिंगाखाली धरावी: बुल थिसलच्या केसांना पिसासारखे उपकेस असतात, मस्क थिसलचे केस साधे. कॅनडा थिसलचं नाव फसवं आहे, ते युरेशियातून आलं. त्याचे गेंद अर्ध्या-पाऊण इंचाचे, झुपक्यात, आणि जमिनीखाली आडवी मुळं धावत असल्याने एकाच जागी मोठा पुंजका. कॅन्ससमध्ये मस्क आणि कॅनडा थिसल कायद्याने तण ठरलेली आहेत आणि त्यांचा बंदोबस्त जमीनमालकावर बंधनकारक आहे.

मात्र हे वाचून दिसेल ते थिसल उपटत सुटू नये. मस्क थिसलला आवर घालायला राइनोसिलस कॉनिकस हा युरोपी सोंडकिडा अमेरिकेत १९६९ मध्ये सोडला गेला. पुढे तो देशी थिसलच्या गेंदांतही अंडी घालू लागला. नेब्रास्काच्या वाळूटेकड्यांवरच्या प्लॅट थिसलचं बी त्याने किती घटवलं हे १९९७ मध्ये छापून आलं. ग्रेट लेक्सच्या वाळूतलं पिचर थिसल १९८८ पासून संघराज्याच्या संकटग्रस्त यादीत आहे. गोल्डफिंच हा पिवळा पक्षी उशिरा घरटं करतो, त्याच्या अस्तराला थिसलचीच म्हातारी वापरतो आणि बी पिलांना भरवतो. देशी थिसल सहसा एकेकटी, गवतात मिसळून राहतात. रान व्यापतात ती परदेशी.

जांभळं आणि काटेरी म्हणून विचारली जाणारी आणखी दोन. सिल्व्हरलीफ नाइटशेड हे आपल्या भुईरिंगणीच्या प्रजातीतलं: पाच कोनांचं जांभळं फूल, मधे पिवळे पुंकेसर, पान चंदेरी, खोडावर बारीक काटे, नंतर पिवळी गोल फळं. ती विषारी आहेत, लहान मुलं असतील तर लक्ष ठेवावं. सेन्सिटिव्ह ब्रायर जमिनीवर पसरतं, गुलाबी-जांभळे मऊ गोळे आणि बाकदार काटे. पान हलवलं की मिटतं, कारण ते लाजाळूच्या प्रजातीतलं. आणि बास्केट फ्लॉवर, थिसलसारखंच दिसणारं मोठं गुलाबी-जांभळं फूल, पण हात फिरवला तर एकही काटा टोचत नाही. छदांच्या टोकांना टोपलीच्या विणीसारखी झालर असते.

एरिंजियममधली जात पक्की करताना ठिकाण लिहून ठेवावं. आखाताच्या किनाऱ्यालगतच्या ओलसर मैदानात हूकर एरिंगो हे जवळचं भावंड वाढतं, पश्चिम टेक्सासात आणखी एक आहे. डॅलसच्या आसपास, चुनखडीवरच्या कोरड्या चिकणमातीत, पंजासारखी पानं आणि टोकावर ठळक तुरा असलेलं ते लीवनवर्थ. तिथली माती हा पुरावाच समजा. सॅन अँटोनियोपासून रेड नदीपर्यंत पसरलेल्या ब्लॅकलँड प्रेअरीची ही काळी माती, जिचा ह्यूस्टन ब्लॅक हा प्रकार टेक्सासची राज्यमाती मानला जातो, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडून फाटते. विदर्भ-मराठवाड्याच्या रेगुराच्या वर्गातलीच ही माती, आणि कापसासाठी नांगरली गेली तीही त्याच गुणामुळे. फरक असा की आपली बेसॉल्टपासून झालेली, ही मार्लपासून, म्हणजे चुनखडी मिसळलेल्या चिकणमातीच्या थरापासून. मूळ प्रेअरीचा एक टक्कासुद्धा तिथे आता शाबूत नाही, म्हणून वसाहतीलगतचा रिकामा तुकडासुद्धा क्षुल्लक समजू नये.

ॲपकडून बरोबर नाव हवं असेल तर फोटो बदलावे लागतात. लोक वरून एक फोटो काढतात. वरून थिसल, टीझल, एरिंगो तिन्ही जांभळे गोळेच दिसतात. बाजूने गेंद, खालून झालर, खोडाला पान जिथे मिळतं तो सांधा आणि पानाची उलटी बाजू, असे चार फोटो हवेत, शिवाय पूर्ण झाडाचा एक. शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. फोनचा कॅमेरा जांभळ्याला बऱ्याचदा निळं करतो, भर उन्हात तर हमखास, म्हणून झाडावर स्वतःची सावली पाडून फोटो घ्यावा. बागेतलं निळं सी हॉली असं उत्तर ॲपने दिलं तर बहुधा रंगानेच घोटाळा केलेला असतो. सी हॉली नावाने विकली जाणारी झाडं युरोप-पश्चिम आशियातली एरिंजियमच आहेत, पण माळावर आपणहून उगवलेली मिळणं दुर्मीळ.

माळात शिरताना एका शेजाऱ्यापासून जपायचं: स्नो-ऑन-द-प्रेअरी. हिरव्या पानांना पांढऱ्या कडा, त्याच मातीत, त्याच महिन्यांत, एरिंगोच्या मधेमधे. तोडलं की पांढरा चीक येतो, त्याने कातडीला आग होते, डोळ्यात गेला तर फार त्रास. एरिंगो कापताना हाच चीक मोज्यांना लागतो आणि घाम पुसताना चेहऱ्यावर जातो. मोजे वेगळे धुवावेत.

उपटावं का? नको. आयुष्य वर्षाचंच, आडवी मुळं नाहीत, त्यामुळे ते जमीन बळकावत नाही. अति चरलेल्या कुरणात जास्त दिसतं याचं कारण गुरं काट्यांमुळे त्याला तोंड लावत नाहीत आणि आजूबाजूचं गवत संपतं. म्हणजे दुखणं चराईचं, एरिंगो फक्त ते दाखवतं. मधमाश्या, गांधीलमाश्या, फुलपाखरं यांची त्यावर रीघ असते, तीही बाकी फुलं कमी झालेली असतात त्या महिन्यांत. खरा धोका गवत कापण्याचा. ऑगस्ट-सप्टेंबरात यंत्र फिरलं तर बी पडत नाही, आणि वर्षायू झाड असल्याने पुढच्या वर्षी तिथे तुरळकच उरतं. कापणी नोव्हेंबरनंतर ठेवावी. तण व गवताच्या उंचीबद्दल वसाहतीचे नियम असतील तर आधी समितीला झाडाचं नाव लेखी कळवलेलं बरं.

अंगणात लावायचं असेल तर गेंद पूर्ण तपकिरी झाल्यावर, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मालकाची परवानगी घेऊन कापावेत. सरकारी उद्यानांत तोडू नये. कागदी पिशवीत आठ-दहा दिवस वाळवून मग चुरावेत, अर्थात मोजे घालून. फळ धण्यासारखंच दोन भागांत फुटतं, प्रत्येक भागात एक बी, वर पांढरट खवले. म्हातारी नसतेच. बी त्याच हंगामात पेरावं: माती दाताळ्याने सैल करून पाव इंचापेक्षा खोल नाही, वरून पाय देऊन दाबायचं. थंडी आणि ओल या दोन्हींतून गेल्यावरच ते नीट उगवतं. वसंतात पेरणाऱ्यांचं बी वाया जातं ते यामुळेच. उशीर झाला असेल तर ओलसर वाळूत मिसळून चार-सहा आठवडे शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवून मग पेरा. रोप हलवू नका, सोटमूळ तुटलं की ते तग धरत नाही. खत आणि रोजचं पाणी दिलं तर उंच, लेचंपेचं वाढून आडवं पडतं आणि रंगही फिका येतो. पूर्ण ऊन, कस नसलेली माती, रोपांत फूटभर अंतर.

सुक्या पुष्परचनेसाठी ऐन जांभळं असताना, पण गेंद तपकिरी व्हायच्या आत कापून, पाच-सहा दांड्यांची जुडी उलटी, अंधाऱ्या हवेशीर जागी दोन-तीन आठवडे टांगावी. उन्हात वाळवली तर रंग उडतो.

खाण्याबद्दलही कुणीतरी विचारेल, कारण याच प्रजातीतली एरिंजियम फीटिडम ही रानकोथिंबीर ईशान्य भारतात रोज स्वयंपाकात असते. या जातीला ते लागू नाही. कोथिंबिरीच्या कुळात पॉयझन हेमलॉक आणि वॉटर हेमलॉक ही जहाल विषारी झाडंही बसतात, तेव्हा कुळावरून खाण्याजोगेपणा ठरवू नये.

आणि बी गावाकडे नेणं: परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र नसेल तर नाही. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाने बियांच्या आयातीवर ही अट आहे, बॅगेतली चिमूटभर पुडीसुद्धा तीत येते. मातीचा वर्ग सारखा, उन्हाळा सारखा, गुरं तोंड लावत नाहीत, म्हणजे सोलापूर-लातूरच्या माळावर हे झाड सुटलं तर रोखणारं काही नाही. पिवळा धोतरा मेक्सिकोतून आला आणि आज प्रत्येक पडीक शेतात आहे. गाजरगवताची पुण्यातली नोंद १९५५ ची. वाळवलेल्या जुडीतही पक्व बी असू शकतं, म्हणून तीही तिथेच ठेवा आणि फोटो पाठवा.